आधी हँडल हातात, मग भोक: पितळी हँडलं बसवताना या चुका टाळा

परवा अनगोळहून फोन आला. "मामा, हँडलं बसंनात. जरा येऊन बघा की." गेलो. नवं किचन, पांढरी चकचकीत सनमायका, ओट्यावर पेपर पसरून त्यावर ओळीनं मांडलेली सोळा पितळी हँडलं. खालच्या सगळ्या दारांना आणि खणांना भोकं पाडून तयार. पोरगं हुशार, मोबाईलवर बघून बघून शिकलेलं. ड्रिल मशीन माझ्यापेक्षा भारी. मी एक हँडल उचललं, भोकांवर धरलं आणि परत पेपरवर ठेवलं. टेप काढायची गरजच पडली नाही.

"चार इंची म्हणून आणलीस ना?"

"होय. तुम्हाला कसं कळलं?"

कळणारच. गेली पंचवीस वर्षं बेळगाव, शहापूर, वडगाव, इकडं खानापूर, तिकडं निपाणीपर्यंत कपाटं करत हिंडतोय. हँडलाच्या बाबतीत माणसं नव्या चुका करत नाहीत. त्याच त्या ठरलेल्या आठ-दहा चुका, फक्त घर वेगळं. एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या फोनला नुसती ही पानं पाठवून देता येतील.

चार इंची हँडल चार इंची नसतं

आपल्याकडं सुतार इंचात आणि सुतात बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच, हे हाडात बसलेलं. पण आजकाल दुकानात मिळणारी बहुतेक कपाटाची हँडलं मिलिमीटरच्या हिशोबात बनलेली असतात आणि त्यांच्या दोन भोकांमधलं अंतर बत्तीसच्या पटीत असतं: ९६, १२८, १६०, १९२, २२४. गिऱ्हाइकाला कळावं म्हणून दुकानदार ९६ ला 'चार इंची' म्हणतो. कन्नड गिऱ्हाईक असेल तर 'नाल्कु इंच'. पक्के चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर. फरक ५.६ मिलिमीटरचा, आपल्या भाषेत पावणेदोन सूत.

माणूस फसतो तो पुढच्या मापामुळं. १२८ ला पाच इंची म्हणतात आणि पाच इंच म्हणजे १२७. एका मिलिमीटरचा फरक, भोक जरा सैल केलं की हँडल बसतं. एका कामात असं निभावलं की गडी सगळीकडं तसंच धरून चालतो. मग १६० चं 'सहा इंची' येतं, आणि सहा इंच असतात १५२.४. तिथं साडेसात मिलिमीटर कुठून आणणार? वर आणखी गंमत म्हणजे जुन्या पॅटर्नची काही ओतीव पितळी हँडलं खरोखरच इंचात असतात. तेव्हा नावावर जायचंच नाही. लांबीवर तर नाहीच नाही. दांड्याचं हँडल दोन्ही पायांच्या बाहेर बोट-दोन बोटं गेलेलं असतं, आणि काही शहाणे टोकापासून टोकापर्यंत टेप लावून तेच माप सुताराला फोनवर सांगतात.

हे मी कुणाला शिकवायच्या लायकीचा झालो तो शहापुरातल्या एका कामामुळं. गणपतीच्या तोंडावरचं काम. मालकांचे जावई पुण्याहून हँडलं घेऊन येणार होते. फोनवर विचारलं तर म्हणाले, चार इंची आहेत. मला घाई. सण आला की सगळ्यांना सगळं सणाच्या आधी पाहिजे असतं. वेळ वाचवावा म्हणून वखारीतच चौदा दारं आणि सहा खणांना पक्क्या चार इंचांवर भोकं पाडून मोकळा झालो. वीस पल्ले, चाळीस भोकं. हँडलं आली हरतालिकेच्या संध्याकाळी. ९६.

आता कुणीही म्हणेल, एक भोक तसंच ठेवायचं आणि दुसरं शेजारी पाडायचं. करून बघा. ५ मिलिमीटरची दोन भोकं ५.६ वर पाडली की मध्ये अर्ध्या मिलिमीटरची भिंत उरते. बिट लावलं की ते घसरून जुन्या भोकातच जातं. समजा कसंबसं पाडलंच, तर हँडलाचा पाय असतो १२ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे मध्यापासून ६ झाकणार. जुन्या भोकाची कड असते मध्यापासून ८.१ वर. राहिले दोन मिलिमीटर उघडे. प्रत्येक हँडलाच्या पायाशी एक काळी चंद्रकोर. एका दारावर असती तर खपली असती. वीस चंद्रकोरी, आणि समोर गणपती!

शेवटी उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागातल्या, ओळखीच्या टर्नरकडून पितळी पत्र्याच्या वीस पट्ट्या कापून, भोकं पाडून, बफ मारून घेतल्या आणि हँडलाच्या खाली बसवल्या. पैसे माझ्या खिशातले. पण त्यालाही सण होताच, त्यामुळं पट्ट्या मिळाल्या अनंत चतुर्दशीनंतर. तोवर दारांच्या भोकांतून सुतळी ओवून गाठी मारून दिल्या होत्या. पाहुण्यांनी भरलेलं घर, वहिनी मोदकाचं सारण ढवळतायत आणि मधूनच सुतळी ओढून खण उघडतायत. त्या घरात आजही मला 'सुतळीवाले मामा' म्हणतात. पट्ट्यांचं मात्र येणारे-जाणारे कौतुक करतात, डिझाइन फार वेगळं आहे म्हणून. मी काही बोलत नाही.

तेव्हापासून हँडल माझ्या हातात पडल्याशिवाय भोक पाडत नाही. फोटो चालत नाही, बिलावरचा आकडाही चालत नाही. आणि हातात आल्यावरसुद्धा टेप लावत नाही. माझ्या हत्यारांच्या डबीत एम-४, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या, स्क्रूचे दोन तुकडे असतात, डोकं कापलेले आणि टोकं कानसीनं घासून अणकुचीदार केलेले. ते हँडलाच्या पायांत फिरवून बसवायचे आणि हँडल सहा मिलिमीटरच्या प्लायच्या तुकड्यावर दाबायचं. दोन टिंबं उमटतात. तीच खरी मापं. त्या तुकड्याच्या दोन कडांना पट्ट्या मारल्या की झाला साचा, तो प्रत्येक दाराच्या कोपऱ्यात बसवून भोकं पाडायची. तयार साचे बाजारात मिळतात, पण त्यांच्या सरकत्या पट्ट्या चौथ्या-पाचव्या दाराला हळूच सरकतात. प्लायचा तुकडा सरकत नाही आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

चूक होऊन गेली असेल तर जुनं भोक ८ च्या बिटानं मोठं करा, फेव्हिकॉल लावून लाकडी गुल्ली ठोका, एक रात्र वाळू द्या, कड तासून घ्या आणि मग नवं भोक. पॉलिशच्या लाकडावर हे झाकलं जातं. सनमायकावर झाकलं जात नाही. तिथं पट्टी नाहीतर पट्टीवालं हँडल, तिसरा मार्ग नाही. मेण भरा, रंग भरा, पुट्टी भरा असे व्हिडिओ मला पाठवू नका. भरलेलं सगळं मी सहा महिन्यांनी बघितलंय.

पितळ, पितळी आणि पितळेसारखं

दुसरी लाडकी चूक. दुकानात हँडल पुढं ठेवून सांगतात, "हित्ताळे री, प्युअर." असेलही. पण 'ब्रास फिनिश' लिहिलेल्या बऱ्याचशा मालात आत पितळ नसतं. जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम असतं आणि वर पितळी रंगाचा मुलामा. काही लोखंडी असतात, काही ॲल्युमिनियमची. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. प्रत्येकाची किंमत वेगळी, आयुष्य वेगळं. गडबड होते ती एकाला दुसऱ्यासारखं वागवल्यावर.

बरेच जण खिशातून लोहचुंबक काढून दुकानात ऐट करतात. चुंबकाला लोखंड तेवढं कळतं. पितळ चिकटत नाही, पण जस्ताचं ओतकामही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमही नाही. ॲल्युमिनियम हलकं, ते हाताला लगेच कळतं. पितळ आणि जस्तात मात्र अंदाज चुकतो, कारण जस्ताचं हँडलही बऱ्यापैकी जड लागतं. मी हँडल उलटं करतो आणि पायातल्या स्क्रूच्या भोकात मोबाईलची बॅटरी मारतो. आटे पाडलेल्या जागी मुलामा फारसा नसतो. पिवळं दिसलं तर पितळ. राखाडी-पांढरं दिसलं तर जस्त. दोन सेकंदांचं काम. उद्यमबागेत ओतकामात हयात घालवलेल्या एका म्हाताऱ्यानं मला हे शिकवलं. तो म्हणायचा, दागिना पुढून बघावा, धातू मागून.

आता निपाणीचं सांगतो. बंगल्याचं काम, तीस हँडलं, मॅट पितळी रंगाची, मुलाम्याची. मालकांना फोटो पाठवायचा म्हणून मी हँडलं बसवली आणि वरचं प्लॅस्टिकही काढून टाकलं. हौस! दोन दिवसांनी फरशीवाले आले. सिमेंटचे डाग काढायला त्यांनी ॲसिड टाकून फरशी धुतली. पाऊस, म्हणून खिडक्या बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा फोन, सगळ्या हँडलांवर ठिपके. खालच्या ओळीवर जास्त, वरच्या ओळीवर कमी. मी तिरीमिरीत बेळगावला दुकानात गेलो, खोटा माल दिला म्हणून भांडायला. दुकानदारानं शांतपणे हँडल फिरवून बघितलं आणि एवढंच विचारलं, "फरशी धुतली काय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. ॲसिडची वाफ मुलाम्यातून आत शिरली की खालचा धातू फुगतो आणि वरचा थर पुरळ आल्यासारखा उठतो. भरीव पितळ असतं तर घासून परत उजळलं असतं. मुलामा एकदा उठला की संपला. निम्मी हँडलं बदलली, खर्च मी आणि फरशीवाल्यानं वाटून घेतला. वाटून घेताना त्यानं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. तेव्हापासून फरशी धुऊन, रंग होऊन, लाइटवाला जाईपर्यंत माझी हँडलं डब्यातच असतात. फोटो हवा असेल तर मालकांनी घरभरणीला काढावा.

घरभरणी झाली की धोका स्वयंपाकघरातून येतो. दिवाळी आली की समई, तांब्या, घागर निघतात, चिंच-मीठ निघतं, आणि त्याच झपाट्यात हँडलांवरही चिंच चोळली जाते. मावशी, थांबा. हँडल भरीव पितळेचं आणि लॅकर न मारलेलं असेल तर खुशाल चोळा. पण ते दारावरून काढून चोळा. नाहीतर चिंचेचं पाणी पायाशी साचतं आणि तिथं हिरवं कडं धरतं. लॅकर मारलेलं असेल तर वर पारदर्शक थर असतो. तो कुठंतरी उडतो, तिथं हवा शिरते आणि खाली काळ्या रेघा दिसायला लागतात. मग कितीही घासा, जिथं थर उडालाय तेवढंच उजळतं आणि हँडल कबरं होतं. अशा वेळी हँडल काढून थिनरनं उरलेलं सगळं लॅकर उतरवायचं, मग पॉलिश, मग पातळ मेण. थिनरची चिंधी दाराजवळ न्यायची नाही, दाराचं पॉलिश त्या चिंधीबरोबर उठून येतं. आणि मुलाम्याचं हँडल असेल तर ओलं फडकं, कोरडं फडकं, बस्स. घासून आतला राखाडी धातू उघडा पडला तर त्यावर माझ्याकडं इलाज नाही.

माझं विचाराल तर परवडत असेल त्यानं बिनलॅकरचं भरीव पितळ घ्यावं आणि काळवंडू द्यावं. दोन-तीन वर्षांत ते मध तापवल्यासारखं गडद होतं, आणि रोज हात लागतो तेवढाच भाग आपोआप घासून झळकत राहतो. ज्यांना हे 'जुनाट' वाटतं त्यांनी मुलाम्याचं घ्यावं. सिंकजवळच्या दारांना मात्र स्टीलवर पीव्हीडी थर (निर्वात यंत्रात चढवलेला पातळ, कडक थर) दिलेलं घ्यावं, साध्या मुलाम्यापेक्षा ते पाण्याला जास्त टिकतं. बाकी ठिकाणी अर्धं-अर्धं मिसळू नका. एका कंपनीचं 'अँटिक ब्रास' आणि दुसरीचं 'अँटिक ब्रास' शेजारी लावलं की सख्खे भाऊ न वाटता पाहुणे वाटतात. एकाच खोक्यातला माल घ्या आणि दोन हँडलं जास्तीची. पाच वर्षांनी तो रंग कुणी बनवत नसतो.

स्क्रूचा हिशोब

हँडलाच्या पाकिटात बहुधा २५ मिलिमीटरचे स्क्रू येतात. १८ चा प्लाय आणि दोन्ही अंगांना सनमायका म्हणजे झाले जवळपास २०. पाच मिलिमीटर आटे पकडले, ठीक. पण खणाला पुढं १८ ची फळी आणि मागं १२ ची पेटी असते. तिथं तीस-बत्तिसाला २५ चा स्क्रू कसा पुरणार? ४० चा लागतो. तो घरात नसतो, रात्रीचे आठ वाजलेले असतात, म्हणून गडी काय करतात, तर हँडल आधी पुढच्या फळीलाच आवळतात आणि मग ती फळी गोंद लावून पेटीवर बसवतात. स्क्रूचं डोकं कायमचं आत गाडलं जातं. वर्षभरानं हँडल ढिलं झालं की आवळायचं कुठून? मी असे खण फोडून उघडलेत. ४० चा नसेल तर झोपा जाऊन, सकाळी दुकान उघडतं. अगदीच तसं करायचं असेल तर पेटीला त्या जागी २० मिलिमीटरची खिडकी पाडा, म्हणजे स्क्रूड्रायव्हर आत जाईल.

लांब स्क्रूची तऱ्हा उलटी. तो हँडलाच्या पायात तळाला जाऊन टेकतो. आवळल्यासारखा वाटतो, पण हँडल डुगडुगतंच. मग माणूस अजून जोर लावतो आणि आतले मऊ आटे जातात. मागं एक-दोन वायसर टाका नाहीतर स्क्रू कापा. कापताना आधी त्यावर नट चढवा आणि कापून झाल्यावर तो उलटा फिरवून काढा, आटे साफ होतात.

आणि शेवटचे वेढे हातानं. मशीन घेऊन 'टर्रर्र' करत हँडल आवळणारा गडी मी कामावर ठेवत नाही.

पावसाळ्यातली तक्रार

जांबोटी, कणकुंबीकडच्या घरांतून आषाढात हमखास फोन येतो, हँडल उपटून आलं. जाऊन बघावं तर हँडलाचा दोष नसतो. तिकडच्या पावसात खणाच्या उघड्या कडांनी पाणी ओढलेलं असतं, लाकूड फुगलेलं असतं, खण अडकलेला असतो आणि माणूस पाय लावून हँडल ओढत असतो. आधी खण मोकळा करा, कड तासा, उघड्या लाकडाला सीलर मारा. मग हँडल. नुसतं सारखं ढिलं होत असेल तर आट्यांवर थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब टाका. तो नसेल तर बायकोचं नेलपेंट. मला हे एका वहिनींनीच दाखवलं, आणि खोटं कशाला सांगू, टिकतं.

उरलेलं झटपट

भोक पाडताना मागं टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट धरा, नाहीतर बिट बाहेर पडताना सनमायकाचा टवका उडतो. आधी ३ चं बिट, मग ५ चं.

एल आकाराच्या ओट्याच्या कोपऱ्यात खण ओढला की शेजारच्या दाराच्या हँडलावर आदळतो. कपाट बनवतानाच कोपऱ्यात दीड-दोन इंचांची पट्टी सोडा. हँडल किती पुढं येतं ते त्याआधी माहीत पाहिजे, म्हणजे पुन्हा तेच, हँडल आधी हातात.

रुंद खणाला दोन बाजूंना दोन गोल मुठी लावू नका. माणूस एकाच हातानं ओढतो, खण तिरका होऊन अडकतो. मधोमध एक लांब हँडल लावा.

दोन्ही टोकं बाहेर आलेली दांडी-हँडलं किचनमध्ये मला आवडत नाहीत. पदर अडकतो, खिसा फाटतो. टोकं वळून दाराला मिळालेली घ्या, आणि दुकानात चार बोटं आत घालून बघा. बोटांची पेरं दाराला घासत असतील तर कणकेच्या हातानं ते उघडणार नाही.

आता अनगोळचं पोरगं. पांढरी सनमायका, त्यामुळं गुल्लीचा मार्ग बंद. ९६ ची हँडलं परत करून पट्टीवाली शोधायची असं ठरलं. सापडली नाहीत तर खऱ्या चार इंचांची जुन्या पॅटर्नची ओतीव हँडलं बघ म्हटलं, त्याची भोकं तशीच कामाला येतील. चहा झाला, कुंदा झाला. मी निघालो, तर हा पठ्ठ्या वरच्या कपाटाच्या दारावर पेन्सिल घेऊन उभा.

"हे काय?"

"वरच्यांना वेगळी हँडलं घेतलीत मामा. पाच इंची."

"कुठायत?"

"उद्या येणार आहेत."

त्याच्या मशीनचं ५ चं बिट काढून खिशात घातलं आणि घरी आलो. उद्या हँडलं घेऊन ये म्हटलं, तेव्हा बिट देतो.